लिनक्सवर जीपीएस रिसीव्हर: आधी उपग्रहांचा तक्ता, मग नकाशावरचा ठिपका

मोबाइलवर निळा ठिपका दिसतो, पण तो ठिपका किती उपग्रहांच्या आधारावर उभा आहे आणि किती मीटर इकडेतिकडे असू शकतो, हे मोबाइल सहसा सांगत नाही. विहिरी, बोअर, पाणंद रस्ते किंवा शेताच्या कडा नोंदवायच्या असतील तर हे माहीत असायलाच हवं. त्यासाठी यूएसबी रिसीव्हर, लिनक्स असलेला जुनापाना लॅपटॉप आणि जीपीएसडी नावाचा मोफत प्रोग्रॅम एवढं पुरतं. हा लेख टर्मिनल नुकतंच हाताळायला लागलेल्यांसाठी आहे.

एक सूचना आधीच. आज्ञा टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. ‘डॅश एस’ म्हणजे आडवी रेघ आणि तिला चिकटून एस. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

रचना समजून घ्या

जीपीएसडी हा पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीमन. रिसीव्हरचा पोर्ट तो एकटाच उघडतो, येणारी माहिती वाचतो आणि २९४७ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर मागेल त्याला देतो. आपण स्क्रीनवर जे बघतो ते सगळे क्लायंट. टर्मिनलमधले सीजीपीएस, जीपीएसमॉन आणि जीपीएसपाइप, खिडकी उघडणारे एक्सजीपीएस आणि एक्सजीपीएसस्पीड. चार क्लायंट एकाच वेळी उघडले तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते डीमन चालू असताना मिनीकॉमसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमने थेट पोर्ट उघडला तर. मग अर्ध्या ओळी एकाकडे जातात, अर्ध्या दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडे कचरा दिसतो.

सामान

नवख्या माणसाने यूएसबीचा तयार ‘माऊस’ रिसीव्हर घ्यावा. यू-ब्लॉक्स चिपचा असेल तर उत्तम. निओ-६एम मॉड्यूल काही शे रुपयांत मिळतं आणि चालतंही, पण ते फक्त अमेरिकन जीपीएसचे उपग्रह वापरतं. निओ-एम८ मालिका जीपीएससोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू यांपैकी आणखी दोन एकाच वेळी वापरू शकते. चहूबाजूंनी झाडं किंवा इमारती असतील तर हा फरक जाणवतो. आपल्या भारतीय नाविक यंत्रणेचे संकेत मुख्यतः एल५ आणि एस या वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत येतात, म्हणून हे स्वस्त रिसीव्हर ते पकडत नाहीत. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकमध्ये एल१ पट्टाही आला आहे, पण त्यासाठी तसा चिप लागतो. खोक्यावर नाविक छापलं आहे एवढ्यावर जाऊ नका, चिपचा क्रमांक विचारा.

अँटेना म्हणजे तो फिक्या रंगाचा चौकोनी सिरॅमिक तुकडा. त्याचं तोंड आभाळाकडे हवं. मॉड्यूल उलटं ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सोबत दोन-तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या. लॅपटॉपच्या अगदी शेजारी ठेवलेल्या रिसीव्हरला लॅपटॉपचाच विद्युत गोंगाट त्रास देतो.

बसवणं

डेबियन, उबुंटू किंवा रास्पबेरी पाय ओएसवर एवढी आज्ञा:

सुडो एपीटी इन्स्टॉल जीपीएसडी जीपीएसडी-क्लायंट्स

मग जीपीएसडी, डॅश मोठा व्ही देऊन आवृत्ती बघा. ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांमध्ये एक दोष होता. २४ ऑक्टोबर २०२१ पासून त्या तारीख १०२४ आठवडे मागे नेतात, त्या दिवशी ती मार्च २००२ मध्ये गेली. ३.२३ मध्ये तो दुरुस्त झाला. जुन्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला, नाहीतर सगळ्या नोंदींवर वीस वर्षांपूर्वीची तारीख पडेल.

आता रिसीव्हर लावा आणि सुडो डीमेसेज चालवून शेवटच्या ओळी वाचा. यू-ब्लॉक्सचा थेट यूएसबी असेल तर टीटीवाय-एसीएम-शून्य हे नाव दिसेल. मध्ये पीएल२३०३, सीएच३४० किंवा सीपी२१०२ हा रूपांतर करणारा चिप असेल तर टीटीवाय-यूएसबी-शून्य. यातली अक्षरं मोठी-लहान जशी दिसतात तशीच उतरवा.

मग ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टमध्ये जीपीएसडी नावाची फाइल सुडोने उघडा. डिव्हाइसेस या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत डेव्ह फोल्डरसकट पोर्टचं नाव लिहा आणि जीपीएसडी-ऑप्शन्समध्ये डॅश एन. हे डॅश एन महत्त्वाचं. ते नसेल तर पहिला क्लायंट उघडेपर्यंत डीमन रिसीव्हरकडे बघतच नाही. यूएसबीचं स्वयंचलित ओळखणं असतं, पण सगळेच चिप त्यात सापडत नाहीत, म्हणून नाव हाताने लिहिलेलं बरं. शेवटी सुडो सिस्टेमसीटीएल रीस्टार्ट, पुढे जीपीएसडी.सॉकेट आणि जीपीएसडी.

डीमेसेजमध्ये पोर्ट येऊन लगेच गायब होत असेल तर सीएच३४० आणि उबुंटू २२.०४ ही जोडी आहे का बघा. त्या उबुंटूत ब्रेल वाचकांसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्या चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. घरात ब्रेल यंत्र वापरात नसेल तर तो काढून टाका. टीटीवाय-एसीएमच्या बाबतीत मोडेम-मॅनेजर असाच मधे येतो. रिसीव्हर लावल्यावर पहिली काही सेकंदं तो त्याला मोडेम समजून चाचपतो. डोंगल वापरत नसाल तर तो बंद ठेवा.

कच्च्या ओळी आधी

नकाशा उघडायची घाई करू नका. आधी हे चालवा:

जीपीएसपाइप डॅश आर डॅश एन २०

वीस ओळी येऊन ती थांबेल. पहिल्या दोन-तीन महिरपी कंसातल्या, त्या डीमनच्या स्वतःच्या. मग डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येतात, त्यांना एनएमईए वाक्यं म्हणतात. त्यातली आरएमसी ओळ शोधा. ती साधारण अशी असते:

डॉलर जीपीआरएमसी, ०२४५००.००, ए, १९५२.५७२०, एन, ०७५२०.५९८०, ई…

पहिला आकडा वेळ, पण ती आंतरराष्ट्रीय. त्यात साडेपाच तास मिळवा: ०२:४५ म्हणजे आपले सकाळचे सव्वाआठ. पुढचं ‘ए’ म्हणजे जागा सापडली. तिथे ‘व्ही’ असेल तर पुढचे आकडे मानू नका.

आता अक्षांश. १९५२.५७२० म्हणजे १९ अंश आणि ५२.५७२० मिनिटं. इथेच पुष्कळ जण फसतात आणि दशांशचिन्ह सरकवून १९.५२५७ असं लिहितात. मिनिटांना ६० ने भागायचं असतं: ५२.५७२० भागिले ६० म्हणजे ०.८७६२, म्हणून १९.८७६२ अंश. रेखांशही तसाच, ७५ अंश २०.५९८० मिनिटं म्हणजे ७५.३४३३. ही जागा छत्रपती संभाजीनगर शहरातली आहे. चुकीच्या पद्धतीने लिहिलं तर ठिपका सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, जाऊन पडतो. ठिपका नेहमी एकाच दिशेला दहा-वीस किलोमीटर हुकत असेल तर आधी हा हिशोब तपासा, रिसीव्हरला दोष नंतर द्या.

एकही डॉलरची ओळ आली नाही तर डीमन बाजूला ठेवून थेट पोर्ट वाचा. त्यासाठी जीपीएसडी.सॉकेट आणि जीपीएसडी.सर्व्हिस दोन्ही थांबवावे लागतात. फक्त सर्व्हिस थांबवली तर कुणी क्लायंट उघडताच सॉकेट तिला पुन्हा उठवतो. मग सुडो एसटीटीवाय डॅश मोठा एफ, पोर्टचं नाव, ९६००, आणि त्यानंतर सुडो कॅट व पोर्टचं नाव. वाचता येणाऱ्या ओळी आल्या तर रिसीव्हर ठीक, चूक डिफॉल्टच्या फाइलमध्ये. चित्रविचित्र चिन्हं आली तर एकतर वेग जुळत नाही किंवा डीमनने यू-ब्लॉक्सला त्याच्या बायनरी भाषेत टाकून ठेवलं आहे. दुसऱ्या बाबतीत डीमन पुन्हा चालू करून जीपीएससीटीएल डॅश एन द्या, रिसीव्हर एनएमईएवर परततो.

सीजीपीएस: मुक्काम इथेच करायचा

सीजीपीएस डॅश एस डॅश यू एम

डॅश एसमुळे खाली धावणाऱ्या कच्च्या ओळी झाकल्या जातात. डॅश यू एममुळे मीटर आणि किलोमीटर मिळतात. संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर हे न दिल्यास फूट आणि मैल दिसतात, आणि उंचीचा आकडा तिप्पट वाटून गोंधळ होतो. टर्मिनलची खिडकी किमान ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच ठेवा. बाहेर पडायला क्यू.

डाव्या चौकटीत जागा आणि उजवीकडे उपग्रहांचा तक्ता. नजर आधी उजवीकडे जाऊ द्या. प्रत्येक ओळीत उपग्रहाची संस्था आणि क्रमांक, मग उन्नतांश म्हणजे क्षितिजापासून किती अंश वर, मग दिगंश म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने किती अंश, मग संकेताची ताकद, आणि शेवटी तो हिशोबात घेतला की नाही. जीपी म्हणजे जीपीएस, जीएल ग्लोनास, जीए गॅलिलिओ, बीडी बायडू, आयआर नाविक, एसबी म्हणजे गगनसारखे सुधारणा पाठवणारे.

ताकदीचा आकडा ४० च्या वर असेल तर छान. तिशीतला चालतो. सगळेच विशीत रेंगाळत असतील तर छत आडवं येतंय किंवा अँटेना उलटी आहे. माळवदाच्या घरात, जाड मातीच्या धाब्याखाली, संकेत जवळजवळ पोचतच नाही. पत्र्याखालीही तेच. खिडकीत ठेवलेला रिसीव्हर अर्धंच आभाळ बघतो, त्याने जागा सांगितली तरी ती भिंतीवरून परतलेल्या संकेतांमुळे सरकलेली असू शकते. गच्चीवर पाण्याची टाकी, सोलर पॅनेल आणि पत्र्याची शेड यांपासून शक्य तेवढं लांब बसवा. पावसात भिजलेली लिंबाची किंवा आंब्याची दाट पानंही आकडे खाली आणतात.

थंड सुरुवातीला, म्हणजे रिसीव्हर बरेच दिवस बंद असेल तेव्हा, धीर धरा. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. ती सलग ऐकू आली तरच तो उपग्रह उपयोगाचा. मधे हात आडवा आला, रिसीव्हर उचलून फिरवला, की पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. उघड्यावर मिनिटभरात होणारं काम अंगणात झाडाखाली दहा मिनिटं घेतं ते यामुळेच. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून नवा रिसीव्हर पहिल्यांदा लावला की पंधरा मिनिटं उघड्या आभाळाखाली न हलवता ठेवावा. तोवर घड्याळही काही सेकंद पुढेमागे दिसू शकतं, कारण जीपीएसची वेळ आणि आंतरराष्ट्रीय वेळ यांत सध्या १८ सेकंदांचा फरक आहे आणि तो आकडाही उपग्रहाकडूनच येतो.

आता डावीकडे या. ‘२डी फिक्स’ म्हणजे उंची गृहीत धरली आहे, त्या जागेची नोंद करू नका. ‘३डी फिक्स’ हवी. आडव्या स्थितीचा एचडीओपी २ च्या आत असेल तर उपग्रह आभाळभर नीट पसरले आहेत. चूक दाखवणारे मीटरचे आकडे हा अंदाज आहे, हमी नव्हे. भिंतीवरून परतलेला संकेत तो अंदाज ओळखू शकत नाही.

उंचीच्या जागी दोन आकडे दिसतात आणि इथे आपल्या भागातला माणूस हमखास अडखळतो. पहिला एचएई, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासूनची उंची. दुसरा एमएसएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची. भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या गणिती गोळ्याच्या बराच खाली आहे, मराठवाड्यात ढोबळमानाने ६० ते ८० मीटर. त्यामुळे सुमारे ५६८ मीटर उंचीवरच्या छत्रपती संभाजीनगरात पहिला आकडा ५०० च्या आसपास दिसेल. रिसीव्हर बिघडलेला नाही, दुसरा आकडा वाचा.

एका जागी बसून असतानाही वेगाच्या रकान्यात थोडंफार हलत राहतं आणि दिशा गरागरा बदलते. ते स्वाभाविक आहे. दिशा चालताना किंवा गाडीत असतानाच खरी.

एक्सजीपीएस: आभाळाचं चित्र

एक्सजीपीएस डॅश यू एम

खिडकीत गोल आभाळ दिसतं. मध्यबिंदू म्हणजे डोक्यावर, कड म्हणजे क्षितिज, वर उत्तर. भरलेल्या खुणा म्हणजे हिशोबात घेतलेले उपग्रह, पोकळ खुणा म्हणजे नुसते दिसणारे. रंग ताकदीप्रमाणे बदलतो.

हे चित्र तासभर चालू ठेवून बघण्यासारखं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असून ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी मारतात, त्यामुळे त्यांच्या खुणा सरकताना दिसतात. पण त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, ते कधीच ५५ अंशांच्या उत्तरेला जात नाहीत. आपण १८ ते २० उत्तर अक्षांशांवर. हिशोब केला तर थेट उत्तरेला क्षितिजापासून साधारण ४४ अंशांपर्यंतचा पट्टा जीपीएस उपग्रहांसाठी कायम रिकामा राहतो. उत्तरेची ती मोकळी जागा बघून अँटेना बदलू नका. उलट तिचा फायदा घ्या: रिसीव्हरच्या एका बाजूला भिंत येणारच असेल तर ती उत्तरेला येऊ द्या. म्हणजे घराच्या दक्षिणेच्या अंगणात बसवा.

गगनच्या खुणा मात्र जागच्या हलत नाहीत, कारण ते भूस्थिर उपग्रहांवरून बोलतात. ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१० चा क्रमांक १२८. मराठवाड्यातून तो दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, सुमारे ६५ अंश उंचीवर असतो. ५५ अंशांवरच्या जीसॅट-८ चा क्रमांक १२७, तो नैऋत्येला. कच्च्या एनएमईए ओळीत हेच क्रमांक ८७ वजा करून येतात, १२८ चा ४१ होतो. गगन मिळत असेल तर स्थिती थोडी जास्त स्थिर राहते.

एक्सजीपीएस उघडतच नसेल आणि जीटीकेबद्दल तक्रार येत असेल तर पायथॉन३-जीआय आणि जीआयआर१.२-जीटीके-३.० ही पॅकेजेस बसवा. डिस्प्ले सापडत नाही असं म्हणत असेल तर तुम्ही एसएसएचने, म्हणजे दूरचं यंत्र आपल्या टर्मिनलमधून वापरण्याच्या सोयीने, दुसऱ्या यंत्रावर आहात. तिथे सीजीपीएसच वापरा.

एक्सजीपीएसस्पीड गाडीतल्या वेगकाट्यासारखं दिसतं, बाकी विशेष नाही. जीपीएसमॉन हे दुरुस्तीचं हत्यार आहे. त्यात रिसीव्हरचं पाकीटन् पाकीट दिसतं आणि एका कळीने रिसीव्हरचा वेगही बदलता येतो, म्हणून सुरुवातीला त्यातून फक्त बघा.

शेताची कड नोंदवणं

जीपीएक्सलॉगर डॅश एम २ डॅश एफ शेत.जीपीएक्स

जीपीएक्स म्हणजे चाललेल्या मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल. फाइलचं नाव इंग्रजीत द्या. डॅश एम २ म्हणजे दोन मीटर सरकल्याशिवाय नवा बिंदू लिहू नकोस. हे न दिल्यास बांधावर उभं राहून बोलत बसलात की तिथे बिंदूंचा गुंता होतो. आधी तक्ता बघा, ३डी फिक्स येऊन पाच मिनिटं होऊ द्या, मग चालायला लागा. अँटेना टोपीवर किंवा खांद्याच्या वर, खिशात नाही.

संपल्यावर कंट्रोल-सी. लॅपटॉपची बॅटरी मधेच गेली तर फाइलच्या शेवटच्या बंद करणाऱ्या खुणा लिहिल्या जात नाहीत आणि नकाशाचा प्रोग्रॅम ती फाइल नाकारतो. डेटा गेलेला नसतो. मजकूर-संपादकात उघडून शेवटची अर्धवट ओळ काढा आणि टीआरकेपीटी, टीआरकेएसईजी, टीआरके, जीपीएक्स यांपैकी जे उघडे राहिले असतील ते याच क्रमाने बंद करा.

विहीर किंवा बोअरसारखी एकच जागा हवी असेल तर तिथे दहा-पंधरा मिनिटं रिसीव्हर ठेवून सगळ्या बिंदूंची सरासरी घ्या. एका क्षणाचा आकडा घेऊ नका. आठवड्याने पुन्हा जाऊन तेच करा. दोन सरासऱ्यांतलं अंतर म्हणजे तुमच्या रिसीव्हरची त्या जागेवरची खरी चूक.

यावरून बांधाचा वाद मिटवायला मात्र जाऊ नका. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, साधारण १० मीटरची बाजू. उघड्या शिवारातही अशा रिसीव्हरची चूक दोन ते पाच मीटर असते. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर. नोंदवलेली कड सगळीकडून फक्त एक मीटर बाहेर सरकली तरी क्षेत्र अडीच गुंठ्यांनी वाढतं. पेरणीचा अंदाज, ठिबकच्या नळ्यांची लांबी, पाइपलाइनचा मार्ग यांसाठी हे पुरेसं आहे. सातबाऱ्याशी ताडायचं असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

नकाशावर आणि दुसऱ्या यंत्रावर

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रोग्रॅममध्ये जीपीएसची पट्टी उघडून जीपीएसडी हा पर्याय निवडा, होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट २९४७. चालू जागा नकाशावर येते. जीपीएक्स फाइल नुसती ओढून टाकली तरी उघडते. क्षेत्रफळ काढण्याआधी थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात बदला, नाहीतर क्षेत्रफळ अंशांत येईल. हिंगोली, परभणी, लातूर आणि धाराशिवसह मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग ७८ अंश पूर्वेच्या अलीकडे, म्हणजे याच पट्ट्यात येतो. नांदेडच्या अगदी पूर्वेच्या कडेला तेवढी खात्री करून घ्या.

रिसीव्हर गच्चीवरच्या रास्पबेरी पायला आणि तुम्ही खालच्या खोलीत असाल तर डीमनचा पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडून देऊ नका. त्याला पासवर्ड नसतो. लॅपटॉपवर एसएसएच डॅश मोठा एल २९४७:लोकलहोस्ट:२९४७ आणि पुढे पायचा पत्ता देऊन बोगदा करा. मग लॅपटॉपवरचा सीजीपीएस किंवा एक्सजीपीएस काहीही न बदलता गच्चीवरचं आभाळ दाखवतो. लॅपटॉपवरच एक जीपीएसडी चालू असेल तर पोर्ट अडलेला असतो, तो आधी थांबवा.

घरात बसून सराव करायचा असेल तर बाहेर असताना जीपीएसपाइप डॅश आर डॅश ओ आणि फाइलचं नाव देऊन तासाभराच्या ओळी साठवा. महिरपी कंसातल्या सुरुवातीच्या ओळी फाइलमधून काढून टाका. मग खरा डीमन आणि त्याचा सॉकेट थांबवून जीपीएसफेक डॅश मोठा पी २९४७ आणि त्या फाइलचं नाव द्या. क्लायंटना वाटतं रिसीव्हर लावलेलाच आहे, आणि पावसाळ्याच्या दिवसातही सीजीपीएसचा तक्ता वाचायचा सराव होतो.